कंपनीच्या गेटवर संप चालू आहे. पोलीस आम्हाला तिथून उठवू शकतात का?

उठवू शकतात, पण नुसतं संपावर आहात एवढ्यावरून नाही. संप कायदेशीर की बेकायदा हे न्यायालय ठरवतं, ठाण्याचे पीआय नाहीत. सुप्रीम कोर्टाने 1962 च्या कामेश्वर प्रसाद खटल्यात शांततेने निदर्शनं करणं मूलभूत हक्क मानलं. संप करणं मात्र मानलं नाही.

पोलिसांची नजर असते गेटच्या वाटेवर. मालाचा ट्रक किंवा कामावर जाणाऱ्यांची बस अडवली की भारतीय न्याय संहितेचं कलम 126 लागतं, मॅनेजरला केबिनमध्ये कोंडलं की 127. व्यवस्थापनही बहुतेक वेळा याच क्षणाची वाट बघत असतं, असं माझं मत.

सहसा आधी पुढाऱ्यांना, गुन्हा घडू नये म्हणून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 ची नोटीस येते (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 149). ती घ्या, सहीखाली तारीख-वेळ टाका. नोटीस म्हणजे अटक नव्हे. पुढचं हत्यार जमावबंदी: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 37(3). हा आदेश शासनाच्या मंजुरीशिवाय 15 दिवसांपुढे चालत नाही, पण कित्येक शहरांत एक संपतो न संपतो तोच दुसरा निघतो. म्हणून आंदोलनाचं पत्र आधीच ठाण्यात द्या आणि पोच म्हणून शिक्का घ्या. पोलिसांचा आदेश मानला नाही म्हणून याच अधिनियमाच्या कलम 68-69 खाली गाडीत घालून नेलं तर बहुधा संध्याकाळपर्यंत सोडतात. बळ वापरण्याआधी पांगण्याचा हुकूम द्यावा लागतो, तोही किमान पीएसआय दर्जाच्या अधिकाऱ्याने.

खरा धोका एफआयआरमध्ये असतो. नावं आठ-दहा, आणि पुढे ‘व इतर 150 ते 200 इसम’. त्या ‘इतर’मध्ये नंतर कुणालाही बसवता येतं, आणि न्याय संहितेच्या कलम 190 (बेकायदा जमाव) मुळे एकाने मारलेला दगड सगळ्यांच्या अंगावर येऊ शकतो. स्वतःचं चित्रीकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग ठेवा. तुकड्या-तुकड्यांच्या क्लिप कोर्टात फार टिकत नाहीत.

कंपनीने कोर्टातून मनाई हुकूम आणला असेल तर त्यात गेटपासून किती मीटर लिहिलंय ते वाचा, टेपने मोजा, चुन्याची रेघ मारा आणि मंडप रेघेबाहेर घाला. या हुकमाच्या जोरावर पोलीस बंदोबस्त मागितला जातो, त्यामुळे दोन फुटांवरूनही वाद होतो.

अटक झालीच तर कारण लेखी मागा, अटक पंचनाम्याची प्रत नातेवाइकांकडे जाऊ द्या. 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं बंधनकारक आहे. सूर्यास्तानंतर महिलांना अटक करायला अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते.