अब्जाधीश दानशूर, परग्रहवासी आणि आमचा सातबारा

प्रश्न असा आहे की जगातल्या अब्जाधीश दानशूरांचे परग्रहवासीयांशी गुप्त संबंध असतात का, आणि कोकणातली कातळशिल्पं, म्हणजे खडकात कोरलेली जुनी चित्रं, हा त्याचा पुरावा मानायचा का. मी राजापूर तालुक्यात दस्त लिहितो, म्हणजे खरेदीखत, बक्षीसपत्र, कुलमुखत्यारपत्र वगैरे. गुप्त संबंध हा तसा माझा रोजचाच विषय.

पहिलं म्हणजे, यात गुप्त असं काही नाहीच. लास वेगसचे हॉटेलवाले रॉबर्ट बिगेलो यांनी 1996 साली यूटामधलं एक अख्खं रँच विकत घेतलं, का तर तिथे उडत्या तबकड्या आणि काय काय दिसतं म्हणून. 2017 मध्ये टीव्हीवर बसून सांगूनही टाकलं की परग्रहवासी आहेत याची आपल्याला खात्री आहे. 2021 मध्ये मेल्यावर जाणीव उरते का यावर निबंधस्पर्धा घेतली, पहिलं बक्षीस 5 लाख डॉलर. (आमच्याकडे अमावास्येला वीज गेली की हाच विषय पडवीत फुकट चालतो.) अमेरिकेतल्या गडगंज रॉकफेलर घराण्यातले लॉरन्स रॉकफेलर यांनी नव्वदच्या दशकात क्लिंटन सरकारमागे यूएफओच्या फायलींसाठी लकडा लावला होता. इंटरनेट कंपन्यांत पैसे गुंतवून अब्जाधीश झालेले युरी मिल्नर यांनी 2015 साली आकाशातून कोणी हाक मारतंय का हे ऐकायला दहा वर्षांसाठी 10 कोटी डॉलर जाहीर केले. मोबाईलच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉमचे एक संस्थापक फ्रँकलिन अँटोनियो गेले ते परग्रहावरची जीवसृष्टी शोधणाऱ्या सेटी इन्स्टिट्यूटला 20 कोटी डॉलर ठेवून. एवढं करून पलीकडून साधा मिस कॉल नाही. याला संबंध म्हणायचं तर आमच्या वाडीतल्या निम्म्या पोरांचे हिरॉइनींशी संबंध आहेत.

आता कातळशिल्पं. आमच्या तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्यात कोरलेला हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे. त्याच्या पोटात आणखी मासे, पक्षी, जनावरं. एवढं चित्र उभं राहून नजरेत मावत नाही, म्हणजे ते वरून बघणाऱ्यासाठी काढलं, असा व्हिडिओवाल्यांचा तर्क. पण कोरलंय काय ते तरी बघा. मुशी आहे, पाकट म्हणजे तो चपटा, लांब शेपटीचा मासा आहे. एवढ्या लांबून येऊन कोण पाकट काढत बसेल? तो काढणाऱ्यानं पाकट खाल्लेलाच असणार. 2022 मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, तीसुद्धा माणसांची कला म्हणूनच.

गुप्त कारभार बघायचा असेल तर आमच्या टेबलाशी या. सड्यावरच्या जमिनीला अलीकडे गिऱ्हाईक फार. एजंट सांगतो, 'मोठे साहेब आहेत, समाजसेवा करायचीय, शाळा काढणार, हॉस्पिटल काढणार.' साहेब कोण ते विचारायचं नाही. दस्तावर ज्याचं नाव, तो माणूस चहाचे पैसे द्यायचे झाले तरी एजंटच्या तोंडाकडे बघतो. अशाच एका व्यवहारात सही करायला आलेल्या आजींनी तोंडावर विचारलं, 'शाळा सड्यावर कशाला रे? पोरं तर समदी म्हमईला गेली.' एजंट म्हणाला, 'आजी, पुढचा विचार करायचा.' आजी म्हणाल्या, 'मंग पैसं पन पुढंच देनार काय?'

त्यामुळे मला तरी वाटतं, परग्रहवासी खरोखर आले आणि एखाद्या दानशूरानं त्यांना तळासाठी कोकण सुचवलं, तर प्रकरण इथेच अडकेल. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. त्यांच्या ग्रहावरचा सातबारा तलाठी मानणार नाही. तो मानला, तरी आमच्या सातबाऱ्यावर आजोबा, त्यांचे भाऊ, भावांच्या मुली, कोणी वारलेले, कोणी परागंदा. वारसनोंद नाही, वाटप नाही, पोटहिस्सा फक्त तोंडी. सगळं जमलं तर चुलता हरकत घेतो. आणि पाया खणण्याआधी जागेची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला लागेल ते वेगळंच. त्यात ग्रहाचं नाव काय घ्यायचं ते गुरवाशी आधीच बोलून ठेवलेलं बरं.

आजींचा तो व्यवहार अजून झालेला नाही. विरारचा एक हिस्सेदार गणपतीत सही करायला येणार होता, त्याला रेल्वेचं तिकीट मिळालं नाही.