‘घाशीराम’मध्ये आजची नावे घालावीत का?

प्रश्न : आमच्या हौशी मंडळाला यंदा ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक करावयाचे आहे. प्रेक्षकांत तरुण बरेच असतील, काही कन्नडभाषक मित्रही येतील. पेशवाईतले पुणे त्यांना परके वाटेल, म्हणून आजच्या पुढाऱ्यांची नावे आणि सीमाप्रश्नावरची काही वाक्ये घालावीत, असे काहींचे म्हणणे आहे. गाणाऱ्यांची चणचण असल्याने ध्वनिमुद्रित संगीत वापरण्याचाही विचार आहे. आपले मत कळवावे.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : नावे घालू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात पहिला प्रयोग झाला, तेव्हा नाटककार विजय तेंडुलकरांनी एकाही हयात पुढाऱ्याचे नाव घेतले नव्हते. तरीही नाटक इतके झोंबले की १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबवले आणि कलावंतांनी थिएटर अकादमीतर्फे १९७४ मध्ये ते पुन्हा उभे केले. कनौजहून पोटासाठी आलेल्या घाशीरामला पुण्यात चोर ठरवले जाते, तो पोटची मुलगी देऊन पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांच्याकडून कोतवाली मिळवतो आणि मग साऱ्या शहराला परवान्यासाठी तिष्ठत ठेवतो. ‘बाहेरचा’ ठरणे म्हणजे काय, किंवा आपल्याला न वाचता येणारा कागद दुसऱ्याकडून वाचून घेऊन त्यावर सही करणे म्हणजे काय, हे आपल्या सीमाभागातल्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. सीमाप्रश्नाच्या वाक्याला टाळी नक्की पडेल. पण त्याच क्षणी कन्नड मित्र आणि तुम्ही दोन बाजूंना व्हाल आणि दोघांनाही खेळवणारा नाना मधल्या मध्ये सुटेल.

शिवाय संहितेत भर घालायची तर तेंडुलकरांच्या वारसांची परवानगी हवी. ते २००८ मध्ये गेले आणि लेखकाचा हक्क त्यानंतर ६० वर्षे राहतो.

ध्वनिमुद्रणाचा विचार सोडूनच द्यावा. भास्कर चंदावरकरांचे संगीत कीर्तन, अभंग, लावणी यांच्या चालींवर उभे आहे, आणि रांगेत उभ्या बारा ब्राह्मणांची भिंत त्याच तालावर डोलते. नट पाठमोरे झाले की वाडा बंद होतो, वळले की तिथेच रस्ता उघडतो. एखाद्याचे पाऊल चुकले तर मृदंग वाजवणारा त्याला सावरून घेतो. यंत्र कोणासाठी थांबत नाही. गाणाऱ्यांची चणचण आहे, असे आपण लिहिता, पण आपल्या खेड्यापाड्यांत भजनी मंडळे आहेतच. त्यांच्यातला एक पखवाजी आणि चार टाळकरी पहिल्या वाचनापासून तालमीला बसवा. मात्र या नाटकात हरिनाम अत्याचारावर पांघरूण म्हणून येते, हे त्यांना आधी, त्यांच्या श्रद्धेचा मान राखून, नीट सांगा. ज्या तोंडी नाम खरोखर मुरलेले आहे, त्याच तोंडून ते असे ऐकले की अंगावर काटा येतो.

कन्नड मित्रांची काळजी नको. ज्यांनी आपल्याकडचे ‘श्रीकृष्ण पारिजात’ हे कन्नड लोकनाट्य पाहिले आहे, त्यांना त्यातल्या भागवतामुळे, म्हणजे कथा सांगणाऱ्या निवेदकामुळे, सूत्रधार ओळखीचाच वाटेल. कथानकाचे अर्धे पान कन्नडमध्ये छापून दारात वाटले तरी पुरेल.

रंगमंचाची रुंदी मात्र आधी मोजा : माणशी दीड फूट धरले तरी भिंतीला अठरा फूट लागतात. आणि शेवटी, घाशीराम मारला गेल्यावर नाना उत्सव जाहीर करतात, तिथे अंधार करून प्रेक्षकांची सुटका करू नका. दिवे पूर्ण असू द्या, मृदंग चालू असू द्या आणि नानांना सर्वांबरोबर नाचू द्या.