एसी अभ्यासिकेत बॉडी स्प्रे, अगरबत्ती आणि जिन्यातली सिगारेट: बंदी कशावर घालावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत विश्रामबागला पहिल्या मजल्यावर 50 मुलांची एसी अभ्यासिका आहे. दमा असलेल्या एका मुलीला स्प्रे आणि अगरबत्तीचा त्रास होतो, काही मुलं जिन्यात सिगारेट ओढतात. दोन्हींवर बंदी घातली तर मुलं सोडून जातील का?

या दोन गोष्टी वेगवेगळ्या हाताळा. एकाच फलकावर लिहिल्या तर सिगारेटचा नियमही स्प्रेइतकाच ऐच्छिक वाटायला लागेल.

सिगारेटबाबत मुलांचं मत विचारायचंच नाही. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम 4 नुसार सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे. शिक्षणसंस्था, वाचनालयं आणि लोकांचा वावर असलेल्या तशाच इतर जागा त्यात धरल्या आहेत. 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे निदान 60 बाय 30 सेंटिमीटरचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फलक प्रत्येक प्रवेशद्वारावर आणि प्रत्येक मजल्यावर, जिन्यासकट, लावावा लागतो. मजकूर साधा: ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र. येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे.’ तक्रार कोणाकडे करायची त्याचं नावही लिहायचं. ओढणाऱ्याला 200 रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रार येऊनही चालकाने काही केलं नाही, तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्यावर येऊ शकतो. राखदाणी, काडेपेटी ठेवायलाही मनाई आहे. जिन्याच्या कोपऱ्यात कोणी थोटकांसाठी वाळूचा डबा ठेवला असेल तर आधी तो उचला. तो दिसतो तोवर फलकाला कोणी विचारणार नाही. वेगळी स्मोकिंग रूम काढायची सवलत विमानतळ, 30 किंवा जास्त खोल्यांची हॉटेलं आणि 30 किंवा जास्त आसनांची रेस्टॉरंटं यांनाच आहे.

ज्याला ओढायचीच आहे त्याने दार-खिडक्यांपासून निदान 25 फूट लांब, उघड्यावर जावं आणि लगेच आत येऊ नये. ओढून झाल्यावरही काही मिनिटं श्वासातून अवशेष येत राहतात. दहा मिनिटं बाहेर थांबायला सांगा. सोडायची इच्छा असणाऱ्यांसाठी 1800-11-2356 हा मोफत राष्ट्रीय क्रमांक फलकाखाली लिहा.

सुगंधाबाबत आपल्याकडे असा कायदा नाही. कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये दवाखाने, शाळा, कार्यालयांनी स्वतःहून सुगंधमुक्तीचे नियम केले आहेत. तुम्हीही ते करू शकता, पण सुरुवात मुलांच्या अंगापासून करू नका. खोलीतले मोठे स्रोत बहुतेक वेळा चालकानेच ठेवलेले असतात: सकाळची अगरबत्ती, भिंतीवरचं फ्रेशनर, वासाचं फिनेल, बाथरूममधल्या डांबर गोळ्या, संध्याकाळची मच्छर कॉइल. कॉइल तर आधी बंद करा. तपासलेल्या काही कॉइल्सपैकी एकेका कॉइलमधून सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके निघाले होते. बारीक जाळी बसवणं हा खरा उपाय. अगरबत्तीही जळणाराच पदार्थ आहे, तिच्या धुराला सुवास असला तरी फुप्फुसाला तो धूरच. पूजा जरूर करा, फुलं वाहा, दिवाही चालेल, अगरबत्ती मात्र बाहेर.

वास झाकण्याआधी तो कुठून येतो ते शोधा. बाथरूमला गटाराचा वास येत असेल तर बहुधा नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीच्या जाळीखाली साचून गटाराचा वास अडवणारं पाणी आटलेलं असतं. रोज एक तांब्या पाणी ओतलं की भागतं. 2019 आणि 2021 च्या पुरात बुडालेल्या इमारतींत किंवा पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीला बुरशी असते, आणि तीच दमेकऱ्याला जास्त छळते. तिच्यावर फ्रेशनर मारला की त्रास दुप्पट. फरशी रात्री बंद केल्यावर साध्या साबणाच्या पाण्याने पुसा.

आता हवा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच फिरवून गार करतो. म्हणून सकाळी आठला मारलेला स्प्रे नऊलाही तिथेच असतो. खोली 30 बाय 20 फूट, उंची 10 फूट धरली तर 6000 घनफूट, म्हणजे 170 घनमीटर होतात. तासाला चार वेळा हवा बदलायची तर 680 घनमीटर लागते. पंख्याच्या खोक्यावर ‘सीएमएच’ (तासाला किती घनमीटर हवा) हा आकडा असतो, तो निदान इतका बघून एक्झॉस्ट घ्या. समोरच्या भिंतीवर हवा आत यायला झरोका किंवा अर्धी खिडकी हवीच. ती नसेल तर पंखा दाराच्या फटीतून हवा ओढतो, आणि जिन्यातला सगळा धूर अभ्यासिकेत येतो. अनेक ठिकाणी एक्झॉस्ट बसवल्यावर वास वाढतो तो यामुळेच. एप्रिल-मेमध्ये एसीचं बिल थोडं वाढेल, ते मान्य करावं लागतं.

एअर प्युरिफायरचा हेपा फिल्टर (बारीक कण गाळणारी जाळी) कण पकडतो, सुगंधाचे वायू नाही. ओझोन सोडणारं यंत्र अजिबात घेऊ नका. सुगंधातल्या लिमोनीनशी (लिंबासारखा वास देणारा घटक) ओझोनची क्रिया होऊन फॉर्मल्डिहाइड हा श्वासमार्गाला झोंबणारा वायू बनतो.

हे सगळं आठवडाभर करून मगच मुलांसाठी नोटीस लावा. ती अशी असावी: ‘स्प्रे, अत्तर आणि बाम खोलीत लावू नये. लावायचं असल्यास खाली, उघड्यावर लावावं.’ बामचं नाव मुद्दाम घाला. रात्री अभ्यास करणारी मुलं डोकं दुखलं की तोच काढतात, आणि त्यातला कापूर, मेंथॉल, निलगिरी पाच बाकांपर्यंत पोचतं. घरून लावून आलेलं तेल, गजरा, अत्तर यांवर बंदी घालू नका, ती पाळलीही जात नाही आणि हुंगून तपासणी करणं अपमानाचं आहे. इतकंच सांगा की स्प्रे कमी मारा. घाम येतो म्हणून कोणालाही चारचौघांत बोलू नका.

‘अनसेंटेड’ लिहिलेल्या वस्तूंत मूळ वास झाकायला कधी कधी सुगंध घातलेला असतो. घटकांच्या यादीत ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ हा शब्द नाही ना, ते बघा.

त्या मुलीची ॲलर्जी टेस्ट निगेटिव्ह आली, तर ती नाटक करते असं कोणी म्हणेल. सुगंधाने श्वासनलिका आवळते ती बरेचदा ॲलर्जीने नव्हे, थेट चुरचुरल्याने, आणि ती गोष्ट त्या टेस्टमध्ये दिसत नाही. तिला हवा आत येणाऱ्या खिडकीजवळची जागा द्या, एक्झॉस्टजवळची नको, कारण खोलीतली सगळी हवा तिथूनच बाहेर जाते. तिचा इनहेलर तिच्या हाताशी असू द्या, कपाटात बंद नको. धाप वाढली तर कोणाला फोन करायचा तो नंबर काउंटरवर लिहून ठेवा.