नवा मॉल उघडला की नुसतं बघायला येणाऱ्यांना आत सोडावं का?

सोडावं. कुठलीही अट न घालता सोडावं.

प्रश्नात तुम्ही पुण्यातल्या वाकडच्या मॉल ऑफ द मिलेनियमचं उदाहरण दिलंय. २०२३च्या सप्टेंबरात तो उघडला तेव्हा पहिल्या दिवसांत नुसते फिरायला आलेले लोकच जास्त दिसले, खरेदी कोणी करत नव्हतं, मग अशांसाठी प्रवेशशुल्क का ठेवू नये, असं तुम्ही विचारताय. शेवटी, म्हाताऱ्या आईवडिलांना कधी न्यावं, हेही विचारलंय. त्याकडे मी येते, पण आधी त्या शुल्काबद्दल बोलू द्या, कारण हा प्रयोग मुंबईत करून झालेला आहे.

१९९९ साली हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स उघडला. मुंबईने मॉल म्हणून पाहिलेली ती पहिली वास्तू. आमच्या चाळीतल्या बहुतेकांनी सरकता जिना आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिला. लोक लोटले, तशी मालकांना गर्दीची काळजी वाटू लागली आणि दारावर नियम आला: मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर पैसे भरून आत या. १९९९ साली मोबाईल कोणाकडे होता ते आठवून बघा. टीका झाली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि नियम मागे घ्यावा लागला. पुढे काही वर्षांत तो मॉल विकला गेला, त्याचं नावही बदललं. मुंबईच्या लोकांना मात्र तो दारावरचा नियमच लक्षात राहिलाय.

मी मुंबईच्या गिरणगावात, डिलाईल रोडच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात होते. गिरणीचं नाव लिहीत नाही, त्यांची देणी पूर्ण मिळालीच नाहीत आणि त्यावर आता भांडायचंही नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. त्यानंतर वडिलांनी वॉचमनची नोकरी केली, सणासुदीला दादरच्या फुलबाजारातून हार आणून विकले. साच्यासमोर ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

नव्वदच्या दशकात तुळशी पाईप रोडवरच्या फिनिक्स मिलच्या आवारात आधी बोलिंग ॲली आली, हळूहळू दुकानं आली. २००१मध्ये बिग बझार आला आणि मग आमच्यासारख्यांनाही आत जावंसं वाटायला लागलं. आई एक दिवस म्हणाली, "माका एकदा बघूक व्हया, आत काय केल्यानी ता." वडील काही बोलले नाहीत, पण रविवारी सकाळी त्यांनी गावच्या सत्यनारायणाला घालायचा पांढरा शर्ट ट्रंकेतून काढला. आम्ही तिघं करी रोडवरून चालत गेलो.

आत गेल्यावर वडिलांनी आधी गिरणीची धुराची चिमणी बघितली. ती तशीच उभी होती, आजही आहे. खाली रंगीत छत्र्या, टेबलं, कॉफी पिणारी मुलं. ते मान वर करून बराच वेळ उभे राहिले. आईला वाटलं त्यांना चक्कर येतेय. मग आम्ही आवारातल्या एका कापडाच्या दुकानात शिरलो आणि तिथे वडील एकदम वेगळेच झाले. चादरींच्या कपाटापुढे उभे राहून त्यांनी एक चादर अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळून बघितली. मग काठ उलटून बघितला. मग ती उजेडाकडे धरली. काउंटरवरचा मुलगा धावत आला, त्याला वाटलं म्हातारा घडी मोडतोय. वडील म्हणाले, "बाळा, ही बाजूला ठेव. उभा धागा तुटलाय आणि तसाच पुढे विणून नेलाय. चार धुण्यांत इथून फाटेल." मुलाला काही दिसेना. वडिलांनी त्याचं बोट धरून त्या रेघेवरून फिरवलं, तेव्हा ते त्याला लागलं. त्याने आतून मोठ्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी वडिलांना स्टूल दिलं! मग अख्खं कपाट उघडलं गेलं. वडील एकेक चादर हातात घेऊन सांगत होते, ही हातमागाची म्हणून लिहिलीय पण यंत्रमागाची आहे, ह्याला खळ जास्त मारलीय म्हणून जड लागते, हिचा पोत सारखा आहे, ही घ्यावी माणसाने. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी ती शेवटची उचलली आणि पैसे देऊन गेल्या.

आम्ही काहीच घेतलं नाही. दोन तासांनी बाहेर पडलो. घरी येईपर्यंत वडील सुतावर बोलत होते. संपानंतर त्यांना कोणी कापडाबद्दल काही विचारलंच नव्हतं. संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत सगळी हकीकत झाली आणि पुढच्या रविवारी अर्धी चाळ तिथे गेली.

लोक का येतात, याचं मला माहीत असलेलं उत्तर हेच. एक जण बघून येतो, घरी सांगतो, आणि दहा जणांना आपल्या डोळ्यांनी बघावंसं वाटतं. जत्रेला गेलेल्या माणसाला कोणी विचारत नाही की खरेदी किती केलीस. शिवाय मुंबई-पुण्यात पावसाळ्यात आणि मे महिन्यात, पैसे न मोजता चार माणसांनी बसावं अशी जागा आहे कुठे? बागा ठरल्या वेळी बंद होतात, चौपाटीवर सावली नाही.

तर आता भावोजी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बँकेत होते, ठाण्याला राहतात. त्याच आठवड्यात ते आले आणि सगळं ऐकून म्हणाले, "काही घ्यायचं नव्हतं तर दोन तास फुकटचा एसी खायला गेलात होय? क्रॉसरोड्सवाल्यांनी केलं तेच बरोबर होतं." वडील खाली बघत राहिले. जावयाला उलट बोलायची आमच्याकडे रीत नाही. मी तोंड उघडलं तर आई म्हणाली, "तू गप रव." मी गप्प राहिले. ते वाक्य भावोजी अजूनही लग्नाकार्यात बोलतात, फक्त मॉलचं नाव बदलतं. तुमच्या प्रश्नात मला तेच वाक्य दिसलं, म्हणून एवढं लिहितेय.

भावोजी, नुसतं बघायला आलेल्या माणसाने दुकानदाराचं नुकसान केलेलं मला एकदा तरी दाखवा. वडिलांनी त्या दिवशी त्यांची एक चादर खपवून दिली. तीच माणसं पगार झाला की परत येतात. २६ जानेवारी २००६ला बिग बझारने 'सबसे सस्ता दिन' लावला तेव्हा इतकी झुंबड उडाली की पोलीस बोलवावे लागले, दुकानांची शटरं खाली ओढावी लागली. ती गर्दी कुठून आली? आधीची वर्षं नुसतं बघून गेलेल्यांतूनच आली. आमच्या घरात गेल्या वीस वर्षांत डाळ-तांदळापासून मिक्सरपर्यंत किती वस्तू मॉलमधून आल्या याचा हिशोब बहिणीलाच विचारा. तिच्या संसारातही आल्यात.

आणि जागेचं म्हणाल तर गिरण्यांच्या जमिनीवर गिरणगावच्या माणसाचा हक्क पाहुण्यापेक्षा जास्तच आहे. १९९१च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: एक मोकळ्या मैदानांना, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१मध्ये बदल करून तो हिशोब फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता ठेवला. मग मैदानांच्या आणि घरांच्या वाट्याला तुकडे उरले. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. मैदान मिळालं असतं तर वडील मैदानात बसले असते. मिळालं नाही, म्हणून ते मॉलच्या कट्ट्यावर बसले. त्याचेही पैसे मागायचे?

सगळे माझ्यासारखा विचार करत नाहीत, हे मान्य. आमच्या मजल्यावरचे एक काका संपात तुरुंगात जाऊन आले होते, ते शेवटपर्यंत फिनिक्सच्या फाटकातून आत गेले नाहीत. वडील आत गेले म्हणून त्यांनी सहा महिने अबोला धरला. त्यांचं दुःख खरं होतं आणि मी त्यांना कधी चूक म्हणणार नाही. लालबागच्या वाण्यांचं गिऱ्हाईक तुटलं, हेही डोळ्यांनी पाहिलंय. वाकडच्या रहिवाशांची वाहतुकीची तक्रार तर शंभर टक्के रास्त आहे. पण तो राग पायी येणाऱ्यांवर काढू नका. लोअर परळला ऑफिसं आणि मॉल आले, हजारो माणसं रोज यायला लागली, आणि स्टेशनचे पूल राहिले जुनेच. २९ सप्टेंबर २०१७ला शेजारच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. आज त्या स्टेशनला प्रभादेवी म्हणतात. इमारतीला परवानगी देताना पूल, रस्ता आणि बस यांचा विचार ज्यांनी करायचा असतो, जाब त्यांना विचारा.

आईवडिलांचं: पहिला महिना शनिवार-रविवार टाळा. मंगळवारी-बुधवारी सकाळी दुकानं उघडतात तेव्हाच न्या. सरकत्या जिन्यावर आईला साडी सावरत चढवू नका, निऱ्या अडकतात, लिफ्ट शोधा. गुडघे दुखत असतील तर बसायची जागा आधी बघून ठेवा, फूडकोर्ट सोडून बाकं कमीच असतात. पाण्याची बाटली आणि एक शाल बरोबर ठेवा, आत गार असतं. काही घ्यायलाच हवं असं त्यांना वाटू देऊ नका.

शुल्क लावायचंच असेल तर पार्किंगला लावा, आणि चांगलं जबर लावा. बसने किंवा चालत येणाऱ्याकडून एक पैसा घेऊ नये.