आफ्रिकेतले सिंह कमी होत आहेत, तर पिंजऱ्यात पैदास करून ते जंगलात का सोडत नाहीत?

कारण तुटवडा छाव्यांचा नाही. सिंहीण साधारण ११० दिवसांत विते आणि एका वेतात बहुधा दोन ते चार छावे होतात. सावज भरपूर असेल आणि माणसाने मारणं थांबवलं, तर कळप आपोआप वाढतो. रवांडाच्या अकागेरा उद्यानात सिंह पार संपले होते. तिथे आधी विजेचं कुंपण घातलं, गस्त कडक केली आणि मग २०१५ साली दक्षिण आफ्रिकेतून सात सिंह आणून सोडले. आता ते पन्नासच्या वर आहेत. उलट, माणसाच्या हातून खाऊन वाढलेला सिंह माणसाला बिचकत नाही. सोडला की वस्तीकडे वळतो.

आफ्रिकेत आज अंदाजे २० ते २५ हजार रानटी सिंह उरलेत. माझ्या मते पैसा आणि माणसं आधी गुरांच्या वाड्यांवर लावायला हवीत.

काटेरी फांद्यांच्या वाड्याभोवती रात्री सिंह घुटमळतो. वास येताच गुरं बिथरतात, आतूनच कुंपण मोडून बाहेर पळतात आणि अंधारात सापडतात. म्हणजे कुंपणाला सिंहापेक्षा आतल्या गुरांची धडक सोसायची असते. टांझानियात यासाठी कोमिफोरा नावाच्या झाडाच्या ओल्या फांद्या एकमेकींना लागून रोवून त्यांवर लोखंडी जाळी ठोकतात. फांद्या मुळं धरतात, त्यामुळे खांब कुजायचा प्रश्नच राहत नाही. फसतं ते दाराशी. चारही बाजूंना उत्तम जाळी आणि दाराला ओढलेली एक काटेरी फांदी, असा वाडा काही कामाचा नाही. झिम्बाब्वेत जाड, अपारदर्शक कापडाचे फिरते वाडे वापरतात. आतली गुरं दिसली नाहीत, तर सिंह सहसा आत झेप घेत नाही. वाडा हलवत नेला की शेताला शेणखत मिळतं, म्हणून शेतकरी तो स्वतःहून मागतात.

हे जमलं नाही तर पुढे विष येतं. मारलेल्या गाईच्या मढ्यावर कार्बोफ्युरानसारखं कीटकनाशक टाकतात. सिंह आपल्या शिकारीवर परत येतो, तोही कळपासकट, आणि सोबत तरस, गिधाडंही मरतात. त्यामुळे गुरं मेल्याची खबर येताच काही तासांत तिथे पोचून मालकाशी बोलावं लागतं. सहा महिन्यांनी मिळणारी भरपाई त्या रात्रीचा राग शांत करत नाही.

दुसरा शत्रू तारेचा फास. तो लावलेला असतो हरणांसाठी, अडकतो सिंहाच्या मानेत. सिंह जितकी ओढाताण करतो तितकी तार आत रुतते. गस्तीवाल्यांनी पाणवठ्याकडे जाणाऱ्या पायवाटा पायीच तपासाव्या लागतात. गाडीतून तार दिसत नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंना तोडून टाकलेल्या फांद्या आणि मध्ये सोडलेली अरुंद फट दिसली, की फास तिथेच असणार. तार कापून तिथे टाकायची नाही, गोळा करून न्यायची. नाहीतर तिचाच फास पुन्हा लागतो.