बोटे हलत नसताना कोणाच्या मदतीशिवाय पुस्तके कशी वाचता येतील?

मानेच्या मणक्याला दुखापत झाल्यापासून आपल्या भावाची बोटे हलत नाहीत, दर पानाला आईला हाक मारावी लागते आणि म्हणून त्याने वाचणेच सोडले आहे, असे आपण लिहिले आहे. स्नायूंच्या आजारामुळे माझेही हात फारसे चालत नाहीत. त्या अनुभवावरून लिहितो.

दुसऱ्याकडून पाने उलटून घेताना पुढचे पान मागता येते, मागचे मागायला मात्र संकोच वाटतो. एखादी व्याख्या नीट कळली नाही म्हणून दोन पाने मागे जावे, अनुक्रमणिका पाहावी, पुन्हा पुढे यावे, असे अभ्यासात सतत करावे लागते. पण आई हातातले काम टाकून तिसऱ्यांदा उठून आली की माणूस न कळलेलेच पुढे रेटतो. म्हणून त्याला स्वतःहून मागे जाता येईल, अशीच व्यवस्था करा.

त्यासाठी छापील पुस्तकाचा आग्रह सोडावा लागेल. मोबाइल किंवा टॅब पलंगाला अडकवायच्या स्टँडवर, त्याच्या डोळ्यांसमोर येईल असा बसवा. अँड्रॉइडमध्ये ‘स्विच अ‍ॅक्सेस’ ही सोय आहे: पडद्यावरच्या एकेका बटणाभोवती चौकट आपोआप फिरत राहते आणि हव्या त्या बटणावर ती आली की बाहेरून जोडलेला स्विच दाबायचा. तो गालापाशी, खांद्यापाशी, जिथली हालचाल भरवशाची असेल तिथे बसवता येतो. चौकटीचा वेग सुरुवातीला अगदी कमी ठेवा, नाहीतर भलतीच बटणे दाबली जाऊन तो वैतागेल. आयफोनमध्ये ‘स्विच कंट्रोल’ आहे. टिपणे जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून काढता येतात.

पुस्तकांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांसाठी २०१६ साली सुरू झालेले ऑनलाइन ग्रंथालय पाहा. ते केवळ अंधांसाठी आहे असा समज आहे आणि त्यापायी अनेकजण तिकडे फिरकतही नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. अशा वाचकांना वाचता येतील अशा स्वरूपात पुस्तके मिळावीत यासाठीच्या ज्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला भारताने २०१४ मध्ये, सर्व देशांच्या आधी, मान्यता दिली, त्यात शारीरिक अपंगत्वामुळे पुस्तक धरता किंवा हाताळता येत नाही अशा व्यक्तींचाही स्पष्ट उल्लेख आहे.

त्याला पुढे परीक्षा द्यायची असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लेखनिक आणि वाढीव वेळ या दोन्हींची तरतूद आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अजून काढले नसेल, तर आधी ते काढून घ्या.