ओपन मॅरेजला होकार मीच दिला होता. तरी नवरा मैत्रिणीकडे गेला की जीव जळतो. हे कधी थांबेल?

होकार दिला की मत्सर वाटायचाच नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं? ‘खऱ्या पॉलिअॅमरस (सगळ्यांच्या संमतीने एकाहून जास्त प्रेमसंबंध ठेवणाऱ्या) माणसाला मत्सर होत नाही’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या केरिस्टा कम्यूनने, म्हणजे एकत्र राहणाऱ्या एका गटाने, जोडीदाराच्या दुसऱ्या प्रेमाचा आनंद वाटण्याला ‘कंपर्शन’ हा शब्द दिला. लोकांनी त्याची परीक्षाच करून टाकली. तो आनंद झाला तर छान. नाही झाला म्हणून तुम्ही नापास होत नाही.

आधी नेमकं काय जळतंय ते बघा. तिच्या वाट्याला शनिवारची संध्याकाळ आणि तुमच्या वाट्याला वीजबिल नि उद्याचा डबा, असं असेल तर तो सरळ हेवा आहे. त्यावर रडून उपयोग नाही, कॅलेंडर काढा. ‘मला वेळ दे’ म्हणू नका, ‘रविवारी 12 पर्यंत फोन बाजूला, आपण दोघंच’ असं मागा. सोडून जाण्याची भीती असेल, तर ती कॅलेंडरने जात नाही. तो ठरल्या वेळी परत येतो हे पुन्हा पुन्हा दिसलं, की हळूहळू ओसरते.

म्हणून ‘उशीर होईल’ हे उत्तर चालवून घेऊ नका. ‘सकाळी 9 ला घरी’ असं ठरवा. पोचल्यावर त्याने एक मेसेज करावा, मग रात्रभर तुम्हीही करू नये. त्या रात्री एकट्या घरात बसून तिचं इन्स्टाग्राम चाळलंत, तर पहाटे 3 पर्यंत डोक्यात अख्खा सिनेमा तयार होतो. बहिणीकडे जा, मैत्रिणीला बोलवा. तो आल्याआल्या दारातच उलटतपासणी नको. जेवणं होऊ द्या, मग अर्धा तास बोला. रागाच्या भरात नवा नियम तर मुळीच करू नका. ‘तिला सोड’ हा हुकमाचा पत्ता ठेवणारी जोडपी मला पटत नाहीत. तिसरं माणूसही माणूसच आहे.

कंडोम आणि नियमित तपासण्यांचं आधीच ठरलं असेल, असं धरून चाललोय.

एक मात्र राहिलं. होकार ‘नाही म्हटलं तर हा जाईल’ या धास्तीने दिला असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तो होकार मागे घेता येतो. व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं कलम 497 सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये रद्द केलं, पण हिंदू विवाह कायद्यात व्यभिचार आजही घटस्फोटाचं कारण आहे. तेव्हा बोलण्याआधी वकिलालाही विचारून ठेवा.